थ्रेड : खडे असलेली डाळ, कॅनव्हासची झोळी आणि १९४६चा नाविकांचा उठाव

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यातील 'तलवार' या रॉयल इंडियन नेव्हीच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात सुमारे १,१०० भारतीय नाविकांनी सकाळची न्याहारी नाकारली. 'अन्न नाही, तर काम नाही' ही त्यांची घोषणा होती. काही दिवसांतच हा संप ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० नाविकांपर्यंत पोहोचला.

या उठावाविषयी लिहिताना खडे निघणाऱ्या डाळ-भाताचा उल्लेख बहुधा थोडा ओशाळूनच केला जातो. एवढा मोठा उठाव डाळीवरून कसा होईल? परंतु नाविकाचा दिवस कसा जाई आणि रात्री तो कोठे झोपे, हे पाहिल्याखेरीज त्या डाळीचा अर्थ लागत नाही.

आधी झोपेचे पाहू. जहाजावरची रात्र सलग नसते. दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेले असतात आणि दर अर्ध्या तासाला घंटा होते. संध्याकाळी ४ ते ८ हा पहारा मात्र दोन-दोन तासांत तोडलेला असतो. त्यांना 'डॉग वॉच' म्हणतात. त्यामुळे दिवसाचे पहारे सहाऐवजी सात होतात. विषम संख्येमुळे पाळ्या रोज सरकतात आणि मध्यरात्री १२ ते ४ हा सर्वांत जिवावर येणारा पहारा रोज एकाच गटाच्या वाट्याला येत नाही. व्यवस्था न्याय्य खरी, पण झोप तुकड्यातुकड्यांचीच.

ती झोपही कोठे? त्या काळच्या युद्धनौकांवर साध्या नाविकाला खोली नसे, बहुधा पलंगही नसे. 'मेसडेक' नावाच्या एकाच जागेत जेवण, कपडे, गप्पा आणि झोप. रात्री जेवणाच्या टेबलांच्या वर, छताच्या आकड्यांना हॅमॉक, म्हणजे कॅनव्हासच्या झोळ्या, टांगायच्या. सकाळी त्या दोरीने आवळून ठेवून द्यायच्या. शेजाऱ्याने कूस बदलली तरी धक्का लागावा इतकी दाटी. युद्धकाळात प्रकाश बाहेर दिसू नये म्हणून रात्री झरोके बंद असत. पोलादी जहाज, उष्ण समुद्र आणि बंद झरोके! संधी मिळेल तेव्हा नाविक उघड्या डेकवर अंग टाकत, यात नवल नाही.

हे हाल केवळ भारतीयांचे नव्हते; ब्रिटिश नाविकही अशाच झोळ्यांत झोपत. याच जगण्यात भारतीय नाविकांनी महायुद्ध लढले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी सुमारे १८६ फूट लांबीच्या 'बेंगाल' या छोट्या सुरुंगशोधक नौकेने 'ओंडिना' या डच टँकरसोबत दोन मोठ्या जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिले. त्यांपैकी 'होकोकु मारू' बुडाले.

म्हणजे बोच कष्टांची नव्हती, तुलनेची होती. तोच समुद्र आणि तेच पहारे, पण पगार, भत्ते, अन्न आणि वागणूक मात्र ब्रिटिश नाविकांहून हलकी. अधिकारी बहुतांशी ब्रिटिश. संपाच्या मागण्यांत चांगले अन्न आणि ब्रिटिश नाविकांइतका पगार यांच्याच शेजारी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे, हीही कलमे होती. डाळ आणि देश एकाच कागदावर!

आता 'तलवार'कडे परत येऊ. फेब्रुवारीच्या आरंभी बलाईचंद दत्त हा तरुण नाविक ब्रिटिशविरोधी घोषणा लिहिल्याबद्दल पकडला गेला. ८ फेब्रुवारीला कमांडर किंग याने बरॅकमध्ये शिरून नाविकांना घाणेरड्या शिव्या दिल्या. बरॅक म्हणजे ज्याला घर नाही त्याचे घर. तेथे आईबापांवरून शिव्या ऐकाव्या लागणे हे जिव्हारी लागणारे होते. १४ नाविकांनी रीतसर तक्रारी केल्या. दाद मिळाली नाही. दहा दिवसांनी न्याहारी नाकारली गेली.

पुढील घटना वेगाने घडल्या. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती उभी राहिली. २१ तारखेला फोर्टमधील कॅसल बरॅक्सपाशी गोळीबार झाला. ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून, गरज पडल्यास सारे नौदल नष्ट झाले तरी चालेल, अशी धमकी दिली.

जहाजांची रसद तुटू लागली तेव्हा मुंबईकर गेटवे ऑफ इंडियापाशी फळे, पाव आणि जेवणाचे डबे घेऊन आले. नाविकांच्या होड्या ते घेऊन जात. अन्नाचा अपमान झाला म्हणून उठलेल्या माणसांना शहराने आपल्या घरचे अन्न दिले. २२ तारखेला गिरणगाव बंद पडले. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या; त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली.

सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. पुढे न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने मूळ कारण नोंदवले ते नोकरीतील दीर्घकाळ दुर्लक्षित तक्रारींचे. राजकीय वातावरणाने त्या अधिक चिघळल्या, असे त्याचे मत होते. दत्त यांना आणि शेकडो नाविकांना नौदलातून काढून टाकण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतले गेले नाही. कॅसल बरॅक्सच्या आवारात आज आय.एन.एस. आंग्रे हा नौदलाचा तळ आहे.