बैराटचा दगड, चीनची साक्ष

जयपूरच्या उत्तरेला सुमारे ८५ किलोमीटरवर बैराट आहे. १८४० मध्ये कॅप्टन बर्टला इथे अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो पुढे कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत गेला. अशोकाचे बहुतेक लेख प्रजेशी किंवा अधिकाऱ्यांशी बोलतात, हा थेट भिक्षुसंघाशी. राजा सात धर्मग्रंथांची नावे घेतो आणि भिक्षु-भिक्षुणींप्रमाणे उपासक-उपासिकांनीही ते पुन्हा पुन्हा ऐकावेत म्हणतो. सहा नावे नुसतीच आहेत. बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला, केलेल्या उपदेशाला मात्र ‘खोटे बोलण्याविषयीचा’ अशी पुस्ती जोडलेली आहे. म्हणजे राहुलाच्या नावाचे आणखी उपदेश तेव्हा प्रचारात असणार. यादी दगडावर टिकली, ग्रंथ मात्र इथून गेले.

ते कुठे गेले, याचा माग दोन मराठी अभ्यासकांनी काढला. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी १९१२ मध्ये ही नावे पाली त्रिपिटकाशी जुळवली. यादीतला ‘उपतिसपसिने’, म्हणजे उपतिष्याचे प्रश्न, हे त्यांच्या मते सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातले सारिपुत्तसुत्त. उपतिष्य हे बुद्धशिष्य सारिपुत्राचेच नाव. हाच अट्ठकवग्ग तिसऱ्या शतकात झी छ्येन या अनुवादकाने चिनीत नेला होता. कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट यांनी ती चिनी पोथी पालीशी ताडून इंग्रजीत आणली. म्हणून चिनी बौद्ध वाङ्मयाला ‘परक्यांचे तत्त्वज्ञान’ म्हणणे मला पटत नाही. बैराटच्या यादीचा तो दुसरा साक्षीदार आहे.

यावर आक्षेप येतो की कोसंबींची ओळख सर्वमान्य नाही. काहींच्या मते ‘उपतिसपसिने’ म्हणजे रथविनीतसुत्त. पण त्याचेही चिनी रूप मध्यमागम या सूत्रसंग्रहात आहे, आणि राहुलाच्या उपदेशाचेही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पाली हाताशी असताना भाषांतर कशाला? कारण एकट्या परंपरेत मूळ कोणते आणि मागाहूनची भर कोणती, हे सांगता येत नाही. समुद्रापलीकडच्या लंकेतली पाली पोथी आणि हिमालयापलीकडची चिनी पोथी जिथे जुळतात, तिथला मजकूर बहुधा दोघींच्या फाटाफुटीआधीचा असतो. चिनी अनुवादकांनी शब्द बदलले, क्रमही हलवला; तरीही जे जुळते, त्याचे मोल त्यामुळे वाढतेच.

दयाराम साहनींनी १९३५-३६ मध्ये बैराटची टेकडी खणली, तेव्हा विहारात एका मातीच्या मडक्यात ३६ चांदीची नाणी निघाली. त्यांतली काही सुती कापडात बांधलेली होती. २८ नाणी यवन राजांची, त्यांतली १६ मिनँडरची, म्हणजे मिलिंदाची. नागसेनाशी झालेला त्याचा संवादही आज पालीत आणि चिनीत वाचायला मिळतो.