मानवेलाची काठी आणि बोटावरची तंगूस

जाळ्याचा इतिहास सापडतो, कारण जाळ्यावर कर बसे. नावेचाही सापडतो, कारण उताराचे पैसे घेतले जात आणि ते कुठेतरी लिहिले जात. गळाची काठी मात्र कोणत्याच दप्तरात येत नाही. एक माणूस, एक काठी, एक दोर आणि संध्याकाळच्या कालवणापुरते दोन मासे, यात सरकारने लिहून ठेवण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाने आणला, अशी एक समजूत सुशिक्षितांमध्ये पक्की बसली आहे. हल्ली तिला नवे बळ मिळाले आहे. धरणाच्या पाण्यात प्लास्टिकची कयाक सोडणारी हौशी मुले परदेशी कार्बनच्या काठ्या मागवतात आणि कोणती काठी अधिक ‘सेन्सिटिव्ह’ यावर तासन्‌तास बोलतात. ही चर्चा मला आवडते. ती किती जुनी आहे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

जुना लेखी पुरावा हवा असेल तर बाराव्या शतकात जावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ 1130च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. त्या राज्यात मराठवाड्याचा मोठा भाग येत होता, तेव्हा हा ग्रंथ आपल्याला परका नाही. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे. राजाने वेळ कसा घालवावा हे सांगणाऱ्या विनोदांच्या भागात हत्ती, घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी यांच्याबरोबर ‘मत्स्यविनोद’ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1925 पासून श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून छापला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या एकाच प्रकरणावर लेख लिहिला. प्रकरणात सुमारे पस्तीस जातींचे मासे आहेत. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान अशी त्यांची वर्गवारी आहे. कोणाला कोणते खाद्य घालावे हे आहे, आणि गळाच्या सामानाचीही चर्चा आहे.

राजाला हे कोणी शिकवले असेल? ग्रंथ त्याबद्दल गप्प आहे. परंतु कोणता मासा कणकेच्या गोळीला येतो आणि कोणता मांसाला, हे सिंहासनावर बसून कळत नाही. ते पाण्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्यांना कळते. माझा तर्क असा की मत्स्यविनोदाचे खरे कर्ते कुणी अनामिक कोळी-भोई असावेत; सोमेश्वराने त्यांच्या ज्ञानाला श्लोक दिले. तर्क आहे, पुरावा नाही. पण लिहिणारा एक आणि जाणणारा दुसरा, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. जालना म्हटले की लोकांना दुष्काळ आठवतो, आणि 2012-13 नंतर तो आठवणे साहजिकच आहे. तरी जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, अंगावरून दुधना वाहते, उत्तरेकडे पूर्णा आहे, आणि जालना शहर कुंडलिकेच्या काठी वसले आहे. या नद्यांवर भोई समाज राहिला. पालखी-मेणे वाहणे आणि मासे धरणे हे त्यांचे दोन व्यवसाय. पालख्या गेल्या, मासे उरले. जाळे हे धंद्याचे साधन. गळ मात्र सगळ्यांचा असे: म्हाताऱ्यांचा, पोरांचा, गुरे राखणाऱ्यांचा. भाषेतही तो सगळ्यांचाच आहे. कोकणात गरी आणि गरवणे, आमच्याकडे गळ आणि गळ टाकणे. माणूस गळाला लागतो हे तर राजकारणाच्या बातम्यांत रोज वाचायला मिळते.

या गळाची काठी म्हणजे बांबू, आणि चांगली काठी म्हणजे मानवेल. कळक जाड असतो, आत पोकळ आणि बाहेर काटेरी. मानवेल सडपातळ. कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढलेला मानवेल बुंध्याशी जवळजवळ भरीव असतो. म्हणून लाठ्या याच्या होत, भाल्यांचे दांडे याचे होत. अशी काठी निमुळती होत जाते. बुंधा ताठ, शेंडा लवचीक. तोड पावसाळा संपल्यावर, तीही अंधाऱ्या पक्षात करायची, म्हणजे भुंगा लागत नाही, असे बुरूड सांगतात. चंद्राचे मला ठाऊक नाही. पण कोरड्या हंगामात बांबूत किड्याला आवडणारा पिष्टमय अंश कमी असतो, हे शास्त्रही मान्य करते. मग काठी विस्तवावर शेकून सरळ करायची, तेल चोळायचे आणि सावलीत वाळू द्यायची. दोर अंबाडीचा किंवा सुताचा. तरंगायला ज्वारीच्या धांड्यातला भेंड, नाहीतर मोरपिसाचा देठ. मोरपिसाचा देठ वजनाला नगण्य. रोहूने गोळीला नुसते ओठ लावले तरी तो हलतो. ‘सेन्सिटिव्ह’ शब्द यायच्या कितीतरी आधी संवेदना अशी बांधलेली होती. काठीत कमी आणि पिसात जास्त, एवढाच फरक.

मग साहेब आला. आमच्या जिल्ह्यात तो तोफा घेऊन आला. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळ आसईला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. पुढे 1827 मध्ये जालन्याला छावणी बांधली गेली. छावणीतल्या रिकाम्या वेळाचा एक उपयोग म्हणजे गळ. इंग्रजांच्या या छंदाचा मोठा लेखक हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रासचा मुलकी अधिकारी. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली निघाले आणि ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ 1887 साली. पहिले प्रामुख्याने नद्यांतल्या महासीरसाठी गाजले. मला दुसरे महत्त्वाचे वाटते, कारण ते तळ्यांविषयी आहे, आणि दख्खनचे पाणी हे मुख्यतः तळ्यांचे पाणी. थॉमसचे श्रेय मोठे आहे. पण साहेबाची पुस्तके उरली आणि भोयाचा हात उरला नाही, एवढ्याने छंद साहेबाचा ठरत नाही.

याच काळात एक उलटा प्रवास घडला. 1840च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात सॅम्युअल फिलिप नावाच्या बंदूककाराने बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या पुन्हा चिकटवून गळाच्या काठ्या करायला सुरुवात केली. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची काठी कारखान्यात बनवली. हा बांबू भारतातून जाई. तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. कलकत्ता हे फक्त बंदर. बांबू तिथला नव्हे. वनस्पतिशास्त्रात त्याची ओळख सांगतात ती डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे आपला मानवेल. त्या बांबूवर जळाल्याचे डाग असत आणि ते कशाचे यावर तिकडे नाना तर्क झाले. आमच्या बुरूड गल्लीत विचारले असते तर विस्तवावर सरळ केलेल्या काठीला डाग पडतातच, एवढे उत्तर मिळाले असते!

विसाव्या शतकाच्या आरंभी मानवेलाची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. तेही फसवेच नाव. टोंकिन व्हिएतनाममध्ये, बांबू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. मॅक्‌क्लुअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1931 साली त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याच्या बाहेरच्या सालीतले तंतू दाट आणि सरळ, पेरे लांब, म्हणून तो वरचढ ठरला. 1950च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबूही मिळेना. तोवर काचतंतूच्या काठ्या आल्याच होत्या. त्यांनी बाजार व्यापला. त्या तुटत नसत, कुजत नसत, पण हाताला काही सांगतही नसत. मग 1973च्या सुमारास फेनविक कंपनीने कार्बनतंतूची काठी बाजारात आणली. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ, आणि वजनाला त्याच्या पाऊणपटीहूनही कमी. संवेदनेचे सगळे रहस्य या दोन आकड्यांत आहे. माशाने आमिषाला दिलेला धक्का म्हणजे एक बारीक थरथर. जड, मऊ काठी ती वाटेतच गिळते. हलकी, ताठ काठी मुठीपर्यंत पोचवते. अमेरिकेतला ब्लॅक बास रबरी गांडूळ तोंडात ओढून घेतो आणि क्षणात थुंकतो, म्हणून तिकडे या थरथरीला एवढी किंमत. काठीचे टोक स्वतःच्या गळ्यावर टेकवून गुणगुणायचे आणि दुसऱ्याने मुठीत कंप येतो का ते पाहायचे, अशी परीक्षा तिकडचे लोक दुकानात करतात. गळाची परीक्षा गळ्यावर, हे मराठी कानाला गमतीचे वाटते.

आमच्या पाण्यात मात्र मासा पाहून बोलावे. मरळ झडप घालते. तिला संवेदनशील काठीची गरज नाही, मजबूत दोराची आहे. रोहू आणि मृगळ चाखत खातात. तिथे ती गरज खरी आहे.

आणि बसायची जागाही पाहावी. काठावरून लांब काठी लागते, कारण पोच हवी. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीवर, पाय पसरून बसतो. काठी फार लांब असली तर टोकाशी अडकलेला दोर हाताला येत नाही आणि मासा नावेच्या नाकाला वळसा घालून गेला की फजिती होते. उलट फारच आखूड असली तर टोक नाकापलीकडे नेता येत नाही. म्हणून दोन मीटरच्या आसपासची, आखूड मुठीची काठी बरी. लांब मूठ पोटाला आणि वल्ह्याला आडवी येते. त्यातही वाऱ्याने नाव सरकली की दोराला झोळ पडतो, आणि झोळ पडलेल्या दोरातून जगातली कोणतीही काठी काही सांगत नाही. ताणणारी साधी तंगूस असली तर आणखी कमी. महाग काठी घेणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे.

तराफ्यावरच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली झाली आणि 1976 साली नाथसागर लोकार्पण झाला. ओळखीच्या डोहांवर अनोळखी पाणी पसरले. त्या पाण्यावर आज थर्माकोलचे तराफे आणि ट्रकच्या ट्यूबा चालतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलवरून शाळेला जातात, याची दखल 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घेतली, तेव्हा हे वाहन वर्तमानपत्रांत झळकले. एस्किमोंची कयाक हेही मुळात पोटाचेच साधन, हौस नंतरची. तराफ्यावर बसलेला मासेमार बहुधा काठी घेतच नाही. तंगूस तर्जनीवरून सोडतो आणि बोटाने ऐकतो. मध्ये काठीच नसल्यामुळे काही गिळलेही जात नाही.

पण असे बोट आता थोड्यांचे उरले आहे. जलाशयांचे ठेके मच्छीमार संस्थांना जातात, बोटुकली सोडली जातात, उत्पादन टनांत मोजले जाते. नायलॉनचे जाळे रात्री लावून सकाळी काढायचे, त्यात ऐकायचे काय? मी धंद्याच्या विरोधात नाही. घर जाळ्यावर चालते, गळावर नाही. मात्र सोमेश्वराच्या काळी ज्यांचे ज्ञान श्लोकांत गेले, त्यांच्या वारसांचे ज्ञान आज टनांच्या तक्त्यात बसत नाही आणि हौशी मुलांच्या चर्चेतही येत नाही. ते टिपायला जावे तर सत्तरीच्या पुढची माणसे गाठावी लागतात, आणि त्यांतली निम्मी मला नाव लिहू नको म्हणाली.

कुंडलिकेवरच्या, निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाच्या काठी अशाच एकांकडे मी एक काठी पाहिली. कुणा हौशी मुलाची कार्बनची काठी मधोमध मोडली होती. तिचा शेंड्याकडचा दीड हात तुकडा त्यांनी मागून घेतला, मानवेलाच्या दांड्यात बसवला आणि सांध्यावर सुताचा दोरा गुंडाळून डिंक फासला. तंगूस मुठीपाशी तर्जनीखालून काढली होती. भेंड लावलेला नव्हता.