बालन्याय कायदा आणि चारित्र्य पडताळणी : पुसलेल्या नोंदीचा इतिहास

अल्पवयातील अपराधाचा डाग आयुष्यभर वाहावा लागू नये, हे बालन्याय व्यवस्थेचे मूलतत्त्व होय. तथापि भारतीय कायद्यात ते टप्प्याटप्प्यानेच साकार झाले. १९८६ च्या बालन्याय अधिनियमाने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर केली. नोंद मात्र दप्तरी राहिली. २००० च्या अधिनियमाने अपिलाची मुदत संपल्यावर ती नोंदही काढून टाकण्याची तरतूद केली. २०१५ च्या अधिनियमाने गंभीर स्वरूपाचे काही अपवाद ठेवले. परंतु निकाली प्रकरणातील बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास कलम ७४ अन्वये पोलिसांना मनाई केली.

येथे एक विसंगती उद्भवते. दप्तराने मौन पाळले तरी नोकरभरतीचा साक्षांकन नमुना पूर्वीच्या अटकेविषयी व खटल्याविषयी खुद्द उमेदवारालाच विचारतो. अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती खरी देणे आवश्यक ठरविले. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील नियुक्तीच्या प्रकरणात मात्र, अल्पवयातील गुन्ह्याच्या आधारे उमेदवारास अपात्र ठरविता येत नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले.

सारांश, कायद्याने प्रथम अपात्रता, नंतर नोंद आणि शेवटी पोलिसांकडून होणारे प्रकटीकरण यांना आळा घातला. नमुन्यातील प्रश्न तेवढा शिल्लक आहे. बालपणातील प्रकरणे त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्याखेरीज विस्मरणाचा हा हक्क न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांपुरताच मर्यादित राहील.