नंजनगूड
नंजनगूड हे म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे 23 कि.मी.वर, कपिला ऊर्फ काबिनी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव आहे. कन्नडमध्ये ‘नंजु’ म्हणजे विष, म्हणून ‘नंजुंड’ म्हणजे हालाहल प्राशन करणारा नीलकंठ; येथील श्रीकंठेश्वराच्या याच नावावरून गावाचे नाव पडले. नदीवर 1735 सालचा दगडी पूल आहे. परंतु गावाचे नाव दूरवर नेले ते ‘रसबाळे’ या केळ्याने (‘बाळे’ म्हणजे केळे). साल काळी पडली तरी आतला गर घट्ट व गोड राहणाऱ्या या वाणाला भौगोलिक मानांकन लाभले असले, तरी मर रोगाने, म्हणजे मातीतून मुळांत शिरून झाड सुकवणाऱ्या बुरशीने, बागाच्या बागा उजाड केल्या आणि ज्या शिवाराचे नाव या केळ्याला मिळाले, त्याच शिवारात ते दुर्मीळ व्हावे, ही फार दुःखाची गोष्ट होय.