सेनापतिपदाची वस्त्रे

सेनापती हा शब्द आपण हल्ली फार सढळ हाताने वापरतो. निवडणुकीच्या प्रचाराला सेनापती असतो, संपाला असतो, क्रिकेटच्या संघालाही असतो. शब्द ऐकला की घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला एक पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पुढचा विचार आपण सहसा करीत नाही. पण मराठी राज्यात सेनापती हा एक अधिकारी होता. त्याला नेमणूक होती, पगार होता, जाब द्यावा लागत होता आणि वेळप्रसंगी बडतर्फीही होती. या अधिकारपदाची हकीकत सांगायची आहे. विशेषतः अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूला राहणाऱ्या श्रोत्यांना ती सांगायची, याला एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

मूळ शब्द सरनोबत. तो फारसी. नौबत म्हणजे पाळी, पहारा, आणि पहाऱ्यावर वाजणारा नगाराही. बहामनी दरबारात सरनौबत हा सुलतानाच्या खाशा पहाऱ्याचा प्रमुख असे. तोच शब्द दख्खनच्या पुढच्या शाह्यांत आला आणि तिथून शिवाजी महाराजांच्या फौजेत. इथे सरनोबत दोन होते बरं का, एक घोडदळाचा आणि एक पायदळाचा. पायदळाच्या सरनोबतांत नूर बेग आणि मागाहून येसाजी कंक ही नावे आढळतात. मान मात्र घोडदळाच्या सरनोबताचा मोठा, आणि आपली कथा त्याचीच.

ही फौज कशी होती हे आधी पाहिले पाहिजे, त्याशिवाय या पदाचे वजन कळायचे नाही. बराचसा भरणा गावोगावच्या कुणब्यांचा आणि मावळ्यांचा. पावसाळ्यात फौज छावणीला परत येई आणि दसरा झाला की मुलूखगिरीला निघे. निघताना प्रत्येकाच्या सामानाची याद होई आणि परतल्यावर झडती. यादीपेक्षा जास्त निघाले तर ते सरकारजमा व्हायचे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बसून बखर लिहिली. तिच्यात पगारसुद्धा दिले आहेत. जुमलेदाराला सालीना ५०० होन, हजाऱ्याला १,०००, पंचहजाऱ्याला २,०००.

पण खरी मेख इथे आहे की या अधिकाऱ्यांबरोबर सरकारी कारकून असत. हिशेब त्यांच्याकडे. पैसा खजिन्यातून यायचा आणि लूट खजिन्यात जायची. म्हणजे सरनोबत हजारो घोड्यांना हुकूम देई, पण त्यांतल्या एकालाही पोसत नसे. शिपाई मीठ खाई ते राजाचे. नवल वाटेल, पण या पदाची ताकद नेमकी यातच होती. महाराज हा अधिकार एका माणसाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती देऊ शकत, आणि फौज जागची हलत नसे.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. आरंभीचा सरनोबत म्हणून माणकोजी दहातोंडे यांचे नाव येते. त्यांच्यानंतर नेताजी पालकर. नेताजींचा लौकिक एवढा की त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत, छापा फसला, माणसे पडली. महाराजांनी त्यांना दूर केले. नेताजी आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेले. पुढे औरंगजेबाने त्यांना पकडून मुसलमान केले, महंमद कुलीखान असे नाव देऊन काबूलकडे धाडले. १६७६ साली ते परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले. कथा हृदयद्रावक खरी. पण आपल्या विषयापुरते पाहायचे ते एवढेच की प्रतिशिवाजी गेला म्हणून फौज फुटली नाही. कुडतोजी गुजरांना प्रतापराव हा किताब देऊन सरनोबत केले आणि काम पुढे चालले.

या प्रतापरावांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. १६७३ साली उमराणीला बहलोलखान कोंडीत सापडला असता त्यांनी त्याला जाऊ दिले. महाराजांचा ठपका आला. तो जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी ते शत्रूवर तुटून पडले आणि ठार झाले. परंपरा त्यांच्यासह सातजण सांगते. पराक्रमाबद्दल वादच नाही. तरी मला वाटते, सरनोबताने असे मरावे हे महाराजांना रुचले नसावे. कारण तो माणूस एकटा नव्हता, त्याच्या मागे सबंध घोडदळ होते. खानाला सोडणे ही जशी चूक, तसेच फौज मागे ठेवून खिंडीत शिरणे हीही चूकच. आपण मात्र दुसरी चूक डोक्यावर घेऊन नाचतो आणि पहिली विसरतो.

त्यानंतर हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब मिळाला. त्यांच्याच कारकिर्दीत ६ जून १६७४ चा राज्याभिषेक झाला आणि सरनोबताचा सेनापती झाला. फारसी पदनामे जाऊन संस्कृत आली. (आपल्या काळातही असे झालेच. १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत होमगार्ड दल उभे राहिले. दलाचे नाव इंग्रजीच राहिले आणि प्रमुखाला मात्र पुढे महासमादेशक हे भारदस्त नाव मिळाले.) बखरकार सांगतात की अभिषेकाच्या वेळी दक्षिणेच्या बाजूला सेनापती दुधाने भरलेला रुप्याचा कलश घेऊन उभे होते. अष्टप्रधानांतले ते एक. सेनापतीने काय करावे हेही त्या वेळी ठरवून दिले. फौज राखावी, स्वारी करावी, मिळालेला मुलूख सांभाळावा, लुटीचा हिशेब द्यावा, आणि फौजेतल्या लोकांचे म्हणणे हुजुरास कळवावे. हे शेवटचे कलम मला फार मोलाचे वाटते. सेनापती हा शिपाई आणि राजा यांच्यामधला दुवा होता.

हंबीररावांची परीक्षा रणात झाली त्याहून मोठी घरात झाली. १६८० साली महाराज गेले. सोयराबाई आणि काही प्रधान यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. सोयराबाई म्हणजे हंबीररावांची सख्खी बहीण. भाचा गादीवर आणि फौज मामाच्या हाती, दुसऱ्या कुठल्या दरबारात याचा परिणाम काय झाला असता ते सांगायला नको. हंबीररावांनी संभाजीराजांचा हक्क मानला, पन्हाळ्याकडे निघालेल्या प्रधानांनाच वाटेत कैद केले आणि राजांपुढे नेऊन उभे केले. पुढे १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत ते पडले.

इथून पुढे मात्र चित्र पालटते. १६८९ साली संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, म्हाळोजी घोरपडे तिथे पडले, रायगड गेला आणि राजारामांना जिंजी गाठावी लागली. आता खजिनाच नाही. पगार कोठून द्यायचा? औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी आणि वतने देऊ करीत होता. आपली माणसे टिकवायची तर आपणही काही द्यायला हवे. म्हणून मुलूख लावून देण्याची चाल पडली: ज्याने फौज उभी करावी, त्याने तो मुलूख सोडवावा आणि त्यावर ती पोसावी. शिवाजी महाराजांनी जे कटाक्षाने टाळले ते त्यांच्या मुलाला करावे लागले. राजारामांना दोष देणे सोपे आहे. त्या पाच-सात वर्षांत राज्य जगले ते याच उपायाने, हे विसरता येत नाही. पण शिपाई आता मीठ कोणाचे खाऊ लागला? त्याच्या सरदाराचे.

संताजी घोरपड्यांचे दुर्दैव यातूनच वाचावे लागते. १६९१ च्या सुमारास त्यांना सेनापतिपद मिळाले. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाचा आणि लगेच पुढे हिंमतखानाचा त्यांनी जो धुव्वा उडवला, त्याला त्या युद्धात तोड नाही. शिस्त कडक. अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिले. थोरल्या महाराजांच्या वेळच्या सेनापतीची जरब त्यांना हवी होती, पण ज्यांच्यावर ती गाजवायची ते सरदार आता स्वतःच्या पागांचे धनी झाले होते. राजारामांशी बिनसले, १६९६ साली वस्त्रे धनाजी जाधवांना मिळाली, आणि या वेळी बदल मुकाट्याने झाला नाही. सेनापती आणि माजी सेनापती यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. पुढे संताजींचे लोक हळूहळू सोडून गेले, आणि १६९७ च्या जूनमध्ये नागोजी मान्यांनी त्यांना गाठून मारले. नागोजींची बायको अमृतराव निंबाळकरांची बहीण.

धनाजींनी १७०७ साली खेडला शाहू महाराजांचा पक्ष धरला आणि ताराबाईंची बाजू लंगडी पडली. गादी कोणाची हे ठरवण्यात सेनापतीचा शब्द आता केवढा जड झाला होता, पाहा. दुसऱ्याच वर्षी धनाजी वारले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन सेनापती झाले आणि १७११ मध्ये ताराबाईंकडे, तिथून निजामाकडे गेले. जाताना फौजही गेली. नेताजी गेले तेव्हा फौज राहिली होती, हे आठवा. शाहूंपाशी तेव्हा पागा राहिली नाही म्हटले तरी चालेल. मग एकेकाळी धनाजींच्या हाताखाली कारकुनी केलेल्या बाळाजी विश्वनाथांनी इकडून तिकडून कर्ज काढून, माणसे जमवून फौज उभी केली. शाहूंनी त्यांना किताब दिला सेनाकर्ते. शब्द किती चपखल आहे! सेनापतीची वस्त्रे दुसऱ्याला, आणि सेना करणारा निराळाच. १७१३ साली बाळाजींना पेशवाई मिळाली.

१७१७ मध्ये सेनापतिपद तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांकडे आले आणि त्याच घराण्यात राहिले. १७२९ साली खंडेराव वारले, त्यांचे पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले. गुजरातच्या चौथाईवरून बाजीराव आणि त्रिंबकराव यांचे वितुष्ट आले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ छत्रपतींचा पेशवा छत्रपतींच्या सेनापतीशी लढला. त्रिंबकराव गोळी लागून पडले. शाहूंनी त्यांच्या मातोश्री उमाबाईंची समजूत घातली आणि धाकट्या यशवंतरावांना वस्त्रे दिली. यशवंतराव वयाने लहान, कारभार उमाबाई पाहत. वस्त्रे होती, मान होता. ज्या पदाची किल्ली खजिन्यात होती ते पद आता वतन झाले होते, पाटीलकीसारखे.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. अंधेरी, मालाड, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड हा सगळा मुलूख म्हणजे साष्टी, आणि तो तेव्हा पोर्तुगीजांचा. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षे या पट्ट्यात लढाई चालली. अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याचा किल्ला आहे ना, त्यासाठी किती माणूस खर्ची पडले! शेवटी १७३९ च्या मे महिन्यात वसई आली. मराठी राज्याने परक्या युरोपीय सत्तेवर मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय. या मोहिमेतली नावे घ्या: चिमाजी अप्पा, शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर, अंजूरचे नाईक. शेवटच्या वेढ्याला होळकर आणि शिंदेही आले. मोहिमेचा धनी सेनापती नव्हता. चिमाजी अप्पा पेशव्यांचे भाऊ, सेनापतिपद त्यांच्याकडे कधीच नव्हते. छत्रपतींच्या नावाने सर्वांत अवघड वेढा चालला आणि छत्रपतींच्या सेनापतीला त्यात काम नव्हते.

कोणी म्हणेल, बिघडले कुठे? किल्ला तर आला! खरे आहे, आणि चिमाजी अप्पांसारखा माणूस असेल तोवर बिघडत नाही. पण सेनापतीने हुजुरास कळवायचे, शिपायाने खजिन्याकडे पाहायचे ही जी जुनी साखळी, ती पुन्हा जोडली गेली नाही. पेशव्यांची फौज, होळकरांची फौज, भोसल्यांची फौज असे लोक म्हणू लागले. नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा झाले, बडोद्याचे गायकवाड सेनाखासखेल. कागल तालुक्यातल्या कापशी गावाचे तर नावच सेनापती कापशी. किताबांना तोटा नव्हता.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि त्याबरोबर साष्टी घेतली. त्या वेळी पुण्याचा दरबार राघोबादादांच्या भांडणात गुंतला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहात मराठ्यांनी बाकी पुष्कळ मुलूख परत मिळवला, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तळेगावच्या दाभाडे घराण्याच्या नावापुढे सेनापती हे बिरुद तेव्हाही लागत होते.