साक्षीदाराला तोंड नाही

काउबॉयच्या सिनेमातली गोष्ट ठरलेली. रानटी मुलूख, कायदा कुठंच नाही, म्हणून भल्या माणसांनी दोर हातात घेतला. सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ आणि १८५६ साली दक्षता समित्या निघाल्या. दोन्ही वेळा चार-चार माणसं फासावर चढवली आणि वर शाबासकी मिळवली. मला ही गोष्ट पटत नाही. कॅलिफोर्नियात कायदा होता. तो कुणाचा होता ते बघू.

१८५३ साली सोन्याच्या खाणींच्या मुलखात लिंग सिंग या चिनी माणसाचा खून झाला. चिनी साक्षीदार कोर्टात उभे राहिले. जॉर्ज हॉल या गोऱ्याला फाशीची शिक्षा झाली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायाधीश ह्यू मरे, अजून तिशीही न गाठलेला. काळ्यांची आणि तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे 'इंडियनां'ची, साक्ष गोऱ्याविरुद्ध चालणार नाही, असा कायदा १८५० पासून होताच. त्यात चिन्यांचं नाव नव्हतं. मरेनं ते घुसवलं. कसं? तर कोलंबसाला वाटलं आपण आशियात पोचलो, म्हणून तो त्या लोकांना इंडियन म्हणाला. तेव्हा इंडियन म्हणजे आशियातलेही! १८५४ साली हॉलची शिक्षा रद्द. आज यांची साक्ष घेतली तर उद्या हे मतदान करतील, न्यायासनावर बसतील, ही भीतीही त्यानं निकालात लिहून ठेवली.

१८६३ साली विधिमंडळानं चिन्यांचं नाव कायद्यातच घातलं.

२४ ऑक्टोबर १८७१, लॉस एंजेलिस. दोन चिनी गटांच्या गोळीबारात पोलिसाच्या मदतीला गेलेला एक गोरा मेला. सुमारे ५०० जणांचा जमाव चिनी वस्तीत घुसला. १८ जण मारले, बहुतेकांना लटकवून. डॉक्टर जीन टाँगचं तर अंगठीसाठी बोट कापलं. बघणारे चिनी होते, पण त्यांना कोर्टात तोंड नव्हतं. आठ जणांना शिक्षा झाली, तीही खुनाची नाही, सदोष मनुष्यवधाची. १८७३ साली मरेच्याच जुन्या कोर्टानं ती रद्द केली. कारण? डॉक्टरचा खून झाला, असं आरोपपत्रात स्पष्ट लिहिलंच नव्हतं!

कायदा नव्हता म्हणून जमाव आला, हे खोटं. दोर जमावाचा, पण पहिली गाठ न्यायाधीशानं सतरा वर्षं आधीच मारून ठेवली होती.

मित्रहो, खटल्याच्या कामाला जाल तेव्हा घोषणा द्याच. पण साक्षीदाराला एकटं सोडू नका, आणि आरोपपत्र ओळ न् ओळ वाचा.