नाम आणि रूप

छायाचित्र काळाला थांबवितें, असें वचन आजकाल वारंवार कानीं पडतें. तें जितकें गोड आहे तितकेंच फसवें आहे असें आमचें मत झालें आहे. आणि तें होण्यास कारण झाला जुन्नर येथील एका पडक्या वाड्यांतील कोनाडा. आमचे एक स्नेही तेथले. त्यांचा वडिलोपार्जित वाडा उतरवावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील जुने कागद रद्दींत जाण्यापूर्वीं एकदां नजरेखालून घालावेत, म्हणून त्यांनीं आम्हांस बोलाविलें. बरोबर छायाचित्रणाचा नाद असलेला आमचा एक विद्यार्थी होता. आम्ही माजघरांत दप्तराचे रुमाल सोडीत बसलों. तो मात्र स्वयंपाकघरांतील एका कोनाड्यापुढें तासभर खिळून राहिला. कोनाड्यांत होतें तरी काय? वात नसलेली एक समई, किल्ली हरवलेलें लोखंडी कुलूप, कांठ झिजलेलें एक चिपटें, आणि वाळून काळें पडलेलें एक लिंबू. झरोक्यांतून येणाऱ्या तिरप्या उन्हांत त्यानें त्या वस्तू होत्या तशाच टिपल्या आणि चित्र आम्हांस दाखवून तो म्हणाला, "सर, यांत काळ दिसतो."

"दिसतो खरा," आम्हीं म्हटलें, "पण कोणता?"

उत्तर स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं दिलें. समई त्यांच्या सासूबाईंच्याही आधींची. कुलूप त्या लग्न होऊन आल्या तेव्हांपासून तसेंच पडलेलें. चिपटें धान्य मापावयाचें. शेर-पायली जाऊन किलो आले, तेव्हां तें कोनाड्यांत गेलें. "आणि लिंबू?" विद्यार्थ्यानें विचारिलें. "तें होय? गेल्या महिन्यांत सूनबाईनें ठेवलें नि विसरली!" असें म्हणून त्या हसूं लागल्या. शंभर वर्षांची जीर्णता आणि एका महिन्याची जीर्णता एकाच उन्हांत, एकाच चौकटींत, सारख्याच वयाच्या दिसत होत्या. क्षय सर्वांचाच होतो, परंतु प्रत्येक वस्तूचें घड्याळ निराळें. आणि तें घड्याळ चित्रांत उमटत नाहीं. तें ठाऊक असतें तें जवळच्या माणसास.

निर्जीव वस्तु मांडून त्यांतून काळाचें स्मरण करून देण्याची कला मुळांत चित्रकारांची. सतराव्या शतकांत हॉलंड देशांत तिचा मोठा उत्कर्ष झाला. हार्लेम येथील पीटर क्लास या चित्रकारानें 1630 सालीं काढलेलें असें एक चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयांत आहे. मेजावर एक कवटी, कलंडलेला कांचेचा पेला, विझलेला दिवा आणि एक लहानसें घड्याळ. सोललेलें लिंबू हाही त्या डच मंडळींचा आवडता विषय होता. त्याच 1630 सालच्या फेब्रुवारींत जुन्नरच्या डोक्यावरील शिवनेरीवर श्रीशिवछत्रपतींचा जन्म झाला, आणि त्याच सुमारास आरंभ झालेल्या भीषण दुष्काळानें गुजराथेंत व दक्षिणेंत गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों. इतकेंच म्हणावयाचें कीं, देहाच्या नश्वरतेची आठवण व्हावी म्हणून त्या वर्षीं आमच्या मुलखांतील माणसास मेजावर कवटी मांडून ठेवावी लागली नसती.

पुढें दोनशें वर्षांनीं छायाचित्रणाचा शोध लागला, तेव्हां त्यानें प्रथम याच निर्जीव वस्तूंचा आश्रय केला. फ्रान्समध्यें डागेर यानें 1837 सालीं आपल्या चित्रशाळेंतील प्लास्टरचे पुतळे टिपले. 1839 सालीं त्याची कृति जगास कळली. इंग्लंडांत टॉल्बट यानेंही घरांतील भांडीं व पुस्तकांचीं कपाटें टिपलीं. यांत सौंदर्यदृष्टीइतकीच अडचणही होती. चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत, आणि तितका वेळ हलल्यावांचून राहणें वस्तूंनाच साधे. डागेरनें पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें, त्यांत सारी रहदारी नाहींशी झाली. बूट साफ करवून घेण्यासाठीं उभा राहिलेला तेवढा एक इसम उमटला. जो थांबला तो राहिला, जे चालत होते ते गेले. छायाचित्रानें काळ थांबविला नव्हता. जें आधींच थांबलें होतें तेवढेंच त्यानें घेतलें होतें.

आमच्याकडे ही विद्या लवकरच आली. मुंबईंत 1854 सालीं छायाचित्रकारांची एक सभा स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. पुढें हेन्री कझिन्स यांच्यासारख्या पुरातत्त्व खात्यांतील अधिकाऱ्यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेणीं व देवळें पद्धतशीरपणें टिपलीं. अशा चित्रांखालीं स्थळ लिहिलेलें असे, म्हणून त्यांस आज पुराव्याची किंमत आहे. अमुक स्तंभ तेव्हां उभा होता व आज पडला आहे, हें दोन चित्रें शेजारीं ठेवून सांगतां येतें. घरोघरच्या चित्रांची गोष्ट मात्र निराळी झाली.

त्याच वाड्यांत आम्हांस एक तसबीर सांपडली. कांच तडकलेली, कागदाच्या कडा कसरीनें खाल्लेल्या, काळा रंग जाऊन पिवळा उरलेला. खुर्चीवर एक प्रौढ स्त्री बसलेली, शेजारीं तिपाईवर तांब्या. आम्हीं ती मातोश्रींच्या हातीं दिली. त्यांनीं ती उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ न्याहाळली व म्हणाल्या, "बाई कोण, तें नाहीं बाई ठाऊक. पण तांब्या आमचाच. माळ्यावर आहे अजून." तांब्या खालीं आला. चिंचेनें घासतांच त्याच्या गळ्याशीं ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलीं अक्षरें दिसूं लागलीं: एका स्त्रीचें नांव आणि शक. ती हीच बाई काय? असेल, नसेलही. तिनें कोणाला दिलेला, कोणीं तिला दिलेला, कीं तिच्या स्मरणार्थ केलेला, हें तांब्या सांगेना. ज्या घरांत ती नांदली त्या घरांत तिचें रूप भिंतीवर होतें आणि एक नांव माळ्यावर होतें. दोहोंची गांठ घालून देणारें माणूस तेवढें उरलें नव्हतें. इतिहासाच्या अभ्यासकास ही हुरहुर नवी नाहीं, तथापि त्या दिवशीं ती आम्हांस फार लागली.

याच तालुक्यांत या घटनेची उलटी प्रतिमा दोन हजार वर्षांपासून उभी आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोंकणांतून वर येणारा सातवाहनांचा हा व्यापारी मार्ग. घाटमाथ्याच्या लेण्यांत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत नागनिका राणीचा सुप्रसिद्ध लेख आहे. त्यांत अश्वमेधादि यज्ञ व त्यांतील दानें वर्णिलीं आहेत. मागील भिंतीवर राजकुलाच्या मूर्ति ओळीनें कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नांव घातलें होतें: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णि, कोणी एक महारठी, आणि राजपुत्र. मूर्ति आज नाहींत. कांहींच्या पायांचे अवशेष तेवढे भिंतीच्या तळाशीं उरले आहेत. नांवें मात्र वाचतां येतात, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनीं तीं वाचलीं म्हणूनच सातवाहनांच्या वंशावळीस दगडाचा आधार मिळाला.

याचें कारण गूढ नाहीं. मूर्ति भिंतीच्या बाहेर उभारलेली असते. तिला पाऊस लागतो, धक्का लागतो, द्वेषाचा घावही लागतो. अक्षर भिंतीच्या आंत शिरलेलें असतें. शिवाय मूर्ति अर्धी फुटली कीं ओळख जाते. नांवांतील दोन अक्षरें गेलीं तरी उरलेल्यांवरून तें लावतां येतें. जुन्नरच्या इतर लेण्यांतही हाच न्याय दिसतो. चंद, इरिल, चिट हे यवन कसे दिसत होते, पोशाख कोणता करीत होते, आपणांस ठाऊक नाहीं. परंतु एकानें लेण्याचें द्वार दिलें, दुसऱ्यानें पाण्याचीं टांकीं दिलीं, तिसऱ्यानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप दिला, हें ठाऊक आहे. येथील लेखांत कांसारांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. त्यांच्याच धंद्याच्या एखाद्या वारसानें त्या तांब्यावर ठिपके पाडले असतील, आणि असें करतांना पूर्वजांचीच रीत पाळली असेल: वस्तु करावी, आणि तिच्यावर नांव घालावें.

छायाचित्राचें रूप तरी टिकतें काय? चित्र म्हणजे कागदावर चिकटलेले रुप्याचे अतिसूक्ष्म कण. तें पक्कें करण्यासाठीं वापरलेलें 'हायपो' नीट धुतलें गेलें नाहीं, तर त्यांतील गंधकानें रुपें पिवळें पडतें; दमट हवेनें त्या क्रियेस जोर येतो. चित्रें विरूं लागल्याची ओरड इतक्या लवकर झाली कीं, लंडनच्या छायाचित्रसभेनें 1855 सालींच त्यासाठीं एक चौकशीमंडळ नेमलें. पुढें जिलेटिनचा थर आला. तो तर बुरशीचें अन्नच. सह्याद्रीच्या कुशींत चार महिने पाऊस कोसळतो, तेथें भिंतीवरील तसबिरीची काय कथा! आणि त्याच वाड्यांतील दप्तर पाहावें, तर हातकागदावरचीं मोडी अक्षरें काल लिहिल्यासारखीं काळीं. हा जुन्नरी कागद एके काळीं दूरवर नांवाजलेला होता. येथील कागदी मंडळी चिंध्या-सणाचा लगदा करून, खळ देऊन, दगडानें घोटून तो तयार करीत. त्यांपैकीं कांहीं पेशवाईंत पुण्यास जाऊन राहिले, त्यांच्या वस्तीस कागदीपुरा म्हणूं लागले. ज्या कागदास काळाशीं झुंजण्याचा कसलाही अभिमान नव्हता तो टिकला.

प्रतिकृति मूळ वस्तूहून चिरंजीव असते, हाही असाच एक भ्रम. अजिंठ्याचीं चित्रें नष्ट होतील या भयानें मेजर रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें खपून त्यांच्या रंगीत प्रतिकृति केल्या. त्यांपैकीं बहुतेक 1866 सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. 1872 पासून ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून तें काम पुन्हां करविलें. त्यांतल्याही पुष्कळ 1885 सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ चित्रें, झिजत कां होईना, अजिंठ्याच्या भिंतीवर अद्याप आहेत.

जुन्नरहून परततांना आम्ही वांकडी वाट करून शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत शिरलों व घोडेगांवावरून डिंभ्यास गेलों. तालुक्याचें नांव आंबेगांव, कचेरी घोडेगांवास. मग आंबेगांव कोठें? घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरण झालें आणि ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें गांवच बुडालें. कडक उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें कीं जुन्या वस्तीचे अवशेष वर येतात. पावसाळा लागला कीं पुन्हां जातात. धरणाच्या पाण्यावर कोणाचीं शेतें भिजतात आणि कोणाच्या चुली त्यासाठीं विझल्या, हा स्वतंत्र विषय आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, येथेंही नाणेघाटासारखेंच झालें. नाम उरलें, रूप गेलें. विस्थापितांच्या घरीं त्या गांवचीं कांहीं छायाचित्रें ट्रंकांच्या तळाशीं असतील. एखादें दार, तुळशीवृंदावन, पारावर मांडलेलीं भांडीं. तीं पाहून "हें आमचें दार" म्हणणारीं माणसें आज आहेत. तीं आणखी किती वर्षें असणार?

आपल्या शास्त्रकारांनीं दृश्य जगास नामरूप असें जोडनांव दिलें आहे. त्यांतील तत्त्वज्ञान बाजूस ठेवलें तरी व्यवहाराचें एक शहाणपण त्यांत आहे. एकट्या नामास चेहरा नसतो, एकट्या रूपास वंश नसतो. दोन्हीं एकत्र असतील तेथेंच स्मृति उभी राहते. आज प्रत्येकाच्या खिशांतील यंत्र दिवसास पन्नास चित्रें घेतें. पूर्वजांनीं सबंध आयुष्यांत एकदां काढलेल्या तसबिरीवर नांव घातलें नाहीं, म्हणून आपण हळहळतों. आणि हजारों चित्रांपैकीं एकावरही कोण, कोठें, केव्हां, हें लिहीत नाहीं. यंत्र तारीख घालतें, पण समई कोणाची आणि लिंबू कोणीं ठेवलें, हें त्यास कोण सांगणार?

म्हणून वाचकांस एक विनंति करावीशी वाटते. या सुट्टींत घरांतील जुन्या तसबिरी एकदां खालीं काढाव्या. घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्याच्यापाशीं बसावें. तें सांगेल तें मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, चित्राच्या पाठीवर लिहावें. शाईनें लिहूं नये, ती पुढल्या बाजूस उतरते. जेथें नांव आठवणार नाहीं तेथें "नांव माहीत नाहीं" असें प्रामाणिकपणें लिहावें, आणि तांब्या ओळखूं आला तर तांब्याचें लिहावें.

आमच्या विद्यार्थ्यानें तें कोनाड्याचें चित्र पुढें कागदावर उतरवून आम्हांस दिलें. वाडा आतां उतरला आहे. चित्राच्या पाठीवर त्यानें गांव, वाडा, तारीख व चारही वस्तूंची हकीकत लिहिली आहे, आणि शेवटीं लिंबू सूनबाईंनीं ठेवल्याचें नमूद केलें आहे. पुढल्या बाजूहून ती पाठच आम्ही अधिक वेळां पाहतों.